टाच, घोटा आणि उपचारभाषा : एका परिभाषेची चिकित्सा

१

घोट्याला अथवा टाचेमागील कंडरेला इजा झाली म्हणजे रुग्णाच्या हाती एक व्यायामपत्रक पडते. दोन-चार रेखाचित्रे, दहा-बारा वाक्ये आणि शेवटी एक सावधगिरीची सूचना, एवढाच त्याचा विस्तार. अशा मजकुराकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. वाङ्मयीन गुणवत्तेचा प्रश्न तेथे उद्भवत नाही, आणि शास्त्रीय गद्य म्हणावे तर तेवढी व्याप्तीही त्याला नसते. तथापि ज्या गद्याच्या आधारे वाचक तीन-तीन महिने आपले शरीर चालवितो, असे गद्य फार थोडे असते. कवितेचा अर्थ चुकला तर रसहानी होते. पत्रकाचा अर्थ चुकला तर पाय अधू राहतो. या एका कारणाने तरी त्याची चिकित्सा भाषाशास्त्राच्या कक्षेत येणे अगत्याचे आहे.

या पत्रकांची मराठी पाहिली असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्या उपपत्तीवर तिची शब्दयोजना उभी आहे, ती उपपत्ती वैद्यकाने स्वतःच मागे टाकली आहे. ‘दाह’, ‘झीज’, ‘पूर्ण विश्रांती’ हे शब्द अद्याप तेथे नांदत आहेत. त्यांच्या जागी जी नवी समजूत आली, ती व्यक्त करण्यास समर्थ असलेले शब्द मराठीच्या बोलीत आहेत. पण पत्रककर्त्यांनी त्यांना हात लावलेला नाही. म्हणजे दोष दुहेरी आहे. जे टाकावयाचे ते राहिले आहे, आणि जे घ्यावयाचे ते दाराबाहेर उभे आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू जाता टाचेमागील कंडरेचे पाश्चात्त्य नाव स्वतःच एक विसंगती आहे. ही शरीरातील सर्वांत जाड व सर्वांत बळकट कंडरा. पोटरीच्या स्नायूंचा जोर ती टाचेच्या हाडापर्यंत पोहोचविते आणि धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार सोसते. परंतु तिला नाव मिळाले ते एका वीराच्या मर्मस्थानावरून. फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ फिलिप फेरहेयन याने १६९३ साली आपल्या ग्रंथात तिला ‘अकिलिसची दोरी’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि ते रूढ झाले. अकिलिसला स्टिक्स नदीत बुडविताना टाच तेवढी कोरडी राहिली, ही कथा होमरच्या महाकाव्यात नाही. ती पुढच्या काळातील, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्टेशियसच्या काव्यात डोकावते. अशा रीतीने उत्तरकालीन आख्यायिकेतील दौर्बल्याची खूण शरीरातील सर्वांत समर्थ दोरीला चिकटली. मौसलपर्वात व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या तळपायाला लागतो, परंतु त्यावरून भारतीय वैद्यकाने पायाच्या कोणत्याही भागाचे बारसे केले नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरा सांगितल्या आहेत; त्यांपैकी चार पायांत आहेत. तेथेच नऊशे स्नायू, पाचशे पेशी आणि सातशे शिरा यांची गणना आहे. येथे मराठी वाचकाला थांबावे लागते. सुश्रुताचा ‘स्नायू’ हा बांधणारा तंतुमय भाग आहे. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस. सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे मांसाचा पिंड. हिंदीने तो अर्थ राखला आहे, परंतु मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक, ज्याला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात. परिणामी हिंदी मजकुरावरून घाईने उतरविलेल्या मराठी पत्रकात ‘पिंडरी की पेशियाँ’ यांच्या ‘पोटरीच्या पेशी’ होतात, आणि वाचकाची अशी समजूत होते की, उपचार सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कशावर तरी चालला आहे. संस्कृतोद्भव शब्द सर्व भारतीय भाषांत एकच अर्थ वाहतात, हे गृहीत किती फसवे आहे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

परिभाषेच्या खाली बोलीचा एक निराळाच थर आहे. सामान्य मराठी भाषक कंडरा म्हणत नाही. तो ‘शीर’ म्हणतो. शीर दबते, शीर आखडते, शिरेवर शीर चढते. या एका शब्दात रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा ही तिन्ही सामावलेली आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळ होय. मात्र रुग्ण ‘टाचेमागची शीर दुखते’ असे म्हणतो तेव्हा तो अचूक जागा दाखवीत असतो. पत्रकाने ‘कंडरा’ हा शब्द जरूर वापरावा, पण प्रथम ‘पोटरीपासून टाचेपर्यंत उतरणारी, बोटांच्या चिमटीत धरता येणारी जाड दोरी’ असे एकदा सांगावे. एवढ्याने शास्त्र उणे होत नाही आणि वाचक परका राहत नाही.

घोट्याच्या बाबतीत बोली अधिकच समृद्ध आहे. पाय मुरगळतो, लचकतो, मुडपतो, ठेचकाळतो. इंग्रजी वैद्यकात अस्थिबंधाची इजा आणि स्नायू-कंडरेची इजा यांना वेगवेगळी नावे आहेत. मराठी ‘लचक’ दोहोंना लागू पडते. मराठीचे हे शब्द ऊतीचे नाव सांगत नाहीत, घटनेचे स्वरूप सांगतात. ही उणीव आहे असे वरवर वाटेल. पण इजा कशी घडली हा उपचारकाचा पहिलाच प्रश्न असतो. पाऊल आतल्या बाजूस वळून मुडपले असेल, तर घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा पुढचा अस्थिबंध प्रथम ताणला जातो. घोट्याच्या इजांत तोच बहुधा दुखावलेला आढळतो. सुश्रुतानेही ‘वातकंटक’ या व्याधीचे कारण पाऊल विषम पडणे असेच दिले आहे, आणि गुल्फमर्माच्या इजेचे फळ वेदना, पाय ताठरणे अथवा लंगडेपणा असे सांगितले आहे. घटनेवरून इजेकडे जाण्याची ही वाट जुनी आहे. पत्रकाने ती बुजवून ‘अस्थिबंधविकृती’ एवढाच शिक्का मारणे म्हणजे रुग्णाजवळ असलेले ज्ञान फेकून देणे होय.

३

आता ‘दाह’ या शब्दाकडे वळावे. टाचेची कंडरा दीर्घकाळ दुखू लागली की इंग्रजीत तिच्या नावाला दाहसूचक प्रत्यय लावण्याची पद्धत होती. मराठीत त्याचा ‘कंडरादाह’ झाला. या शब्दाविरुद्ध वैद्यकात झालेली हालचाल उद्बोधक आहे. १९७६ साली पुड्डू व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी या कंडरेच्या विकारांचे वर्गीकरण करताना दाहाहून निराळ्या, अपकर्षात्मक अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. १९९८ साली माफुल्ली, खान व पुड्डू यांनी अतिवापराने होणाऱ्या कंडराविकारांची परिभाषा गोंधळाची असून ती बदलण्याची वेळ आली आहे, असे प्रतिपादन केले. २००२ साली खान, कुक, कॅनस व माफुल्ली यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दाहाच्या कल्पनेला सरळ मिथ्यकथा ठरविले. २००९ साली कुक व पर्डम यांनी कंडरेचा विकार ही एक सलग श्रेणी असल्याची मांडणी केली. भारामुळे प्रथम कंडरा प्रतिक्रिया देते, मग तिची दुरुस्ती बिघडते आणि शेवटी अपकर्ष होतो, असा तो क्रम आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यात दाहसूचक शब्द बाजूस ठेवून, भाराशी निगडित सततची वेदना व कार्यहानी यांसाठी एक व्यापक संज्ञा स्वीकारण्यात आली. अशा कंडरेत दाहाचा अंश अजिबात नसतोच असे कोणी म्हणत नाही, आणि संशोधकांत त्याविषयी वाद चालू आहे. परंतु दाह हेच मूळ मानून उपचार ठरविणे मात्र मागे पडले आहे.

वैद्यांनी एका प्रत्ययासाठी इतकी वर्षे वाद का घालावा? शब्द केवळ वस्तूचे नाव नसून कृतीचे बीजही असतो, हे त्याचे उत्तर. ‘दाह’ म्हटले की मनात आग येते, आणि आगीशी मराठीत ज्या क्रियापदांची सांगड आहे ती शमविणे, विझविणे, थंड करणे ही होत. म्हणून दाह झालेल्या कंडरेला बर्फ, गोळी आणि स्वस्थपणा. व्याकरणाने जोडलेली ही साखळी रुग्णाच्या मनात आपोआप पुरी होते. वैद्याला ती उच्चारावीही लागत नाही.

‘दाह’ गेला तरी त्याच्या जागी पुष्कळदा ‘झीज’ येते. ‘शीर झिजली आहे’ हे वाक्य रुग्णाच्या कानी पडते आणि प्रश्न मिटल्यासारखा होतो. पण झीज ही निर्जीव वस्तूची असते. जोडा झिजतो, नाणे झिजते, पायरी झिजते. झिजलेली वस्तू वापरली तर अधिकच झिजते, म्हणून ती जपून ठेवावयाची किंवा टाकून द्यावयाची. तिसरा पर्याय या रूपकात नाही. कंडरा ही मात्र सजीव ऊती आहे. योग्य प्रमाणात व योग्य अंतराने भार मिळाला तर ती बळकट होते. भार काढून घेतला तर दुबळी होते. ‘दाह’ आणि ‘झीज’ ही रूपके दिसायला भिन्न असली तरी दोन्ही रुग्णाला एकाच ठिकाणी, खाटेवर, नेऊन ठेवतात.

नव्या व्यापक संज्ञेसाठी ‘कंडराविकृती’ हा शब्द सुचविला जातो. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण व्यवहारात ‘विकृती’ला नैतिक दुर्गंध येतो, आणि अवयवाला विकृत म्हटल्याने रुग्णाला धसका बसतो. ‘कंडरेचा विकार’ हा सौम्य व पुरेसा शब्द आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपचाराचे क्रियापद. मराठीत ‘कसणे’ हे क्रियापद जमिनीला लागते आणि शरीरालाही लागते. कसलेली जमीन म्हणजे वर्षानुवर्षे मेहनत घेऊन पिकती केलेली. कसलेला मल्ल म्हणजे आखाड्याच्या मातीत घडलेला. कसण्यात श्रम आहे, सातत्य आहे, ऋतूचे भान आहे. पडीक ठेवलेल्या जमिनीला कोणी जपलेली म्हणत नाही. ‘तुमची शीर झिजली आहे’ याऐवजी ‘ती पुन्हा कसावी लागेल’ असे म्हटले की रुग्णाच्या मनातील कृतीची दिशाच पालटते. हा शब्द परिभाषाकोशात शोधण्याचे कारण नाही. तो गावोगावच्या तालमींत आणि शेतांत रुळलेला आहे.

४

‘विश्रांती’ची कथा याहून अधिक प्रसिद्ध आहे. १९७८ साली अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी ताज्या इजेसाठी विश्रांती, बर्फ, दाब व उंचावणे या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘राइस’ असा शब्द घडविला. तो इतका चटकदार होता की जगभर पसरला. २०१४ साली मर्किन यांनी स्वतःच लिहिले की, बर्फ व पूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास मदत होण्याऐवजी विलंबही होऊ शकतो. तत्पूर्वी, २०१२ साली, ब्लीक्ली व त्यांचे सहकारी यांनी ‘विश्रांती’ हे पद काढून तेथे ‘संरक्षणा’च्या जोडीला ‘इष्टतम भार’ हे पद घातले व नव्या आद्याक्षरांचा ‘पोलीस’ केला. पुढे २०१९ साली द्युबवा व एस्क्यूलिए यांनी ‘पीस’ आणि ‘लव्ह’ अशी जोडी सुचविली. तीत बर्फाला स्थानच उरले नाही. उलट रुग्णाची आशा, रक्तप्रवाह वाढविणारी हालचाल आणि व्यायाम यांना जागा मिळाली.

आद्याक्षरांचे हे शब्द स्मरणाला सोयीचे आहेत, पण त्यांची सोय ही त्यांच्या भाषेची सोय आहे. इंग्रजीत ‘पोलीस’ला बोलावण्याचा विनोद जमतो, मराठी पत्रकात ‘पी म्हणजे प्रोटेक्शन’ अशी बाराखडी छापली की स्मरणही होत नाही आणि अर्थही कळत नाही. शिवाय आद्याक्षरांत क्रम व प्रमाण मावत नाही. चार अक्षरे एकाच रांगेत, एकाच उंचीची उभी राहतात. विश्रांती किती दिवस व भार कोणत्या दिवसापासून, हे त्यांत सांगता येत नाही.

मराठीला येथे एक व्याकरणिक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे पूर्वकालवाचक धातुसाधित. ‘जपून चाला’ या दोन शब्दांत संरक्षण आणि भार ही दोन्ही आहेत, आणि तीही एकात एक मिसळलेली. ‘जपा’ म्हटले तर चालणे थांबते. ‘चाला’ म्हटले तर जपणे सुटते. ‘जपून चाला’ म्हटले की दोहोंचा तोल साधतो. इंग्रजीला ज्यासाठी दोन अक्षरे वाढवावी लागली, ते मराठीने एका प्रत्ययात साधले आहे. अर्थात ‘जपून’ हा शब्द भित्रेपणाकडेही झुकतो. म्हणून त्याला मापाची जोड हवी. किती पावले, कोणत्या आधाराने, किती दुखेपर्यंत, हे सांगितल्यावाचून तो पोकळ राहील.

भार केव्हा देऊ नये, हेही पत्रकाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९९२ साली कॅनडात इयान स्टील व सहकाऱ्यांनी मांडलेले ओटावा नियम या बाबतीत आदर्श गद्य म्हणावे असे आहेत. घोट्याच्या परिसरात वेदना असून दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांपैकी एखाद्याच्या मागील कडेवर अथवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, किंवा इजेनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचे क्ष-किरण छायाचित्र काढावे. ‘चार पावले’ या मापात संदिग्धतेला वाव नाही, आणि ते मोजायला घड्याळही लागत नाही. ‘तीव्र वेदना असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ या वाक्याशी त्याची तुलना केली म्हणजे निदानभाषा आणि केवळ सावधगिरीची भाषा यांतील अंतर कळते.

घोट्याच्या बाबतीत आणखी एक पद पत्रकातून बहुधा गळालेले असते. ते म्हणजे ‘तोल’. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मुरगळलेला घोटा पुढे वारंवार दगा देतो, त्याचे कारण केवळ सैल अस्थिबंध नसते. पावलाची स्थिती मेंदूला कळविणारी संवेदनाही इजेत मंदावते. डुगडुगणाऱ्या फळीवर उभे राहण्याच्या सरावाने हा दगा कमी होतो. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, हे समीकरण तेव्हापासूनच मोडीत निघाले आहे. ज्याला बोलीत ‘घोटा कच्चा राहिला’ असे म्हणतात, ती हीच अवस्था. पिकलेले आणि कच्चे यांतील भेद वेळेचा व परिपाकाचा असतो. ‘अस्थैर्य’ या पारिभाषिक शब्दापेक्षा तो रुग्णाला उपचार पुरा करण्यास अधिक प्रवृत्त करील, यात संशय नाही.

५

आता प्रत्यक्ष व्यायामाच्या वाक्याकडे यावे. १९८० च्या दशकात कर्विन व स्टॅनिश यांनी कंडरेला व्यायामाने बरे करण्याची पद्धती मांडली होती. १९९८ साली स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी तिला निश्चित आकार दिला. हौशी खेळाडूंपैकी पंधरा रुग्ण, बारा आठवडे, आठवड्याचे सातही दिवस आणि दिवसातून दोनदा, असा तो क्रम होता. गुडघा सरळ ठेवून एक व गुडघा किंचित वाकवून दुसरा, अशा दोन व्यायामांची प्रत्येकी पंधरा आवर्तने तीन वेळा. म्हणजे दिवसाला एकशे ऐंशी आवर्तने. चढताना चांगल्या पायाची मदत घ्यावयाची आणि उतरताना सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यावयाचा, हे त्यातील मर्म. व्यायामाने दुखत नाहीसे झाले की पाठीवर वजन घेऊन भार वाढवावयाचा.

उतरताना पोटरीचा स्नायू ताण धरून असतो आणि त्याच वेळी लांबत असतो. या क्रियेला इंग्रजीत केंद्रापासून दूर जाणारे आकुंचन अशा अर्थाचे नाव आहे, आणि कोशाच्या पद्धतीने त्याचे मराठीत ‘उत्केंद्री आकुंचन’ होते. ‘उत्केंद्री’ हा भूमितीतला व खगोलातला शब्द आहे, आणि ‘आकुंचन’ म्हणजे आखूड होणे. लांबत जाणाऱ्या स्नायूला आकुंचन पावला म्हणणे हा वदतोव्याघात आहे. मूळ इंग्रजी संज्ञेतील विसंगती मराठीने उसनी घेऊन वर दुर्बोधताही पत्करली. वस्तुतः या क्रियेसाठी मराठीत ‘पेलणे’ हा धातू आहे. पेलणे म्हणजे नुसते उचलणे नव्हे. भार अंगावर घेऊन तो आपल्या ताब्यात ठेवणे. धान्याचे पोते पाठीवर घेऊन जिना उतरणारा हमाल पोते पेलत उतरतो. ‘पेलत उतरणे’ या जोडीत ताण आणि लांबणे ही दोन्ही अंगे येतात, कारण ‘-त’ हा प्रत्यय क्रिया सलग चालू असल्याचे सांगतो.

पत्रकांत ज्या घाटाची वाक्ये आढळतात, तसे एक वाक्य नमुन्यादाखल घ्यावे : ‘पायरीच्या कडेवर उभे राहून टाच वर-खाली करावी. १५ वेळा. दुखल्यास थांबावे.’ या तीन वाक्यांत तीन व्याकरणिक दोष असून प्रत्येकाचा वैद्यकीय परिणाम आहे. ‘वर-खाली’ या द्वंद्वाने चढणे आणि उतरणे समान मोलाचे केले. वास्तविक उपचाराचे बळ दोहोंच्या असमानतेत आहे. ‘टाच’ या एकवचनाने कोणता पाय हे गिळून टाकले. आणि ‘दुखल्यास थांबावे’ या संकेतार्थाने सबंध उपचारच रद्द केला. कारण आल्फ्रेडसनच्या पद्धतीत अक्षम करून टाकणारी वेदना होईपर्यंत व्यायाम थांबवावयाचा नसतो. रुग्ण पहिल्या दिवशी सातव्या आवर्तनाला थांबतो, दुसऱ्या दिवशी पाचव्या. आणि पंधरवड्यात ‘व्यायामाचा काही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढतो. त्या निष्कर्षाचे बीज वाक्यात होते.

हीच सूचना अशीही लिहिता येईल : ‘कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. चांगल्या पायाच्या जोराने टाचा वर उचला. आता चांगला पाय सोडवून घ्या, सगळे वजन दुखऱ्या पायावर पेलत टाच सावकाश पायरीच्या कडेखाली उतरवा. पुन्हा वर जाताना चांगल्या पायाची मदत घ्या. पोटरीला रग लागेल, शीर थोडी दुखेल, ते चालेल. कळ आली, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर आवर्तने कमी करा.’ येथे ‘करावे’च्या शास्त्राज्ञेऐवजी ‘करा’चा संवाद आहे. उपचारकक्षात उपचारक बोलतो तो तर याहूनही जवळच्या स्वरात : ‘आजी, टाच हळूच खाली सोडायची.’ त्या ‘-आयची’मध्ये आज्ञा असते आणि सोबतही असते. लिखित पत्रकाला तो स्वर सर्वस्वी साधणार नाही. तथापि त्याच्या दिशेने जाणे शक्य आहे.

वेदनेच्या शब्दांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. मराठीत रग, कळ, चमक, ठणका, ठसठस, सल असे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांच्या छटा भाषकाला शिकवाव्या लागत नाहीत. रग श्रमाची असते, चमक क्षणाची, ठणका रात्रीचा. पत्रकात मात्र या सर्वांच्या जागी एकच ‘वेदना’ बसविलेली असते. २००७ साली सिल्बर्नागेल व सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये अडतीस रुग्णांवर केलेल्या प्रयोगात शून्य ते दहा या मापावर पाचपर्यंतची वेदना चालेल असे ठरविले. मात्र ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. या मर्यादेत धावणे-उड्या चालू ठेवणाऱ्यांचे, सुरुवातीचे सहा आठवडे त्या बंद ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, काही नुकसान झाले नाही. दहाचे माप उपयुक्त आहे, परंतु पाच म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर राहते. त्या आकड्याशेजारी ‘रग चालेल, ठणका नको’ असे लिहिले तर माप भाषेत उतरते.

क्रमाने भार वाढविण्याची कल्पना या भूमीला नवखी नाही. सुश्रुताने भग्नचिकित्सेत हाताच्या इजेनंतर आधी मऊ पिंड धरावयास लावावा, मग त्याहून कठीण, आणि हाताला बळ आल्यावर पाषाण, असा क्रम सांगितला आहे. यावरून आधुनिक उपचार आपल्या ग्रंथांत आधीच होता असे अनुमान काढणे उतावळेपणाचे ठरेल. तेथे हात आहे, येथे टाच आहे. तेथे निरीक्षण आहे, येथे मोजलेले प्रयोग आहेत. निष्पन्न होते ते इतकेच की, बरे होणे म्हणजे पडून राहणे ही समजूत परंपरेचा वारसा म्हणून सांगता येत नाही.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उपचारक प्रत्यक्ष करून दाखवितो. मग शब्दांचे एवढे माहात्म्य कशाला? दाखविणे श्रेष्ठ आहे हे मान्य. परंतु बारा आठवड्यांतील बहुतेक आवर्तने घरी, उपचारकाच्या माघारी होतात. तेथे रुग्णाजवळ दोनच गोष्टी असतात; आठवण आणि कागद. आठवण पुसट होत जाते, कागद उरतो. आणि उपचारकाजवळ पुन्हा पोहोचणे ज्याला प्रवासामुळे किंवा मजुरी बुडण्यामुळे जमत नाही, त्याच्यापुरता तर कागद हाच उपचारक होय. पत्रकातील भाषेचा भुर्दंड सर्वांना सारखा पडत नाही. तो सर्वांत अधिक अशाच रुग्णाला पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शास्त्र सतत बदलते. आज ‘भार’ म्हणून जे गौरविले जाते, ते उद्या मागे पडणार नाही कशावरून? याचे उत्तर म्हणून नव्या शब्दांचीही तितकीच कठोर चिकित्सा केली पाहिजे. आल्फ्रेडसनचा प्रयोग छोटा होता आणि त्यात रुग्णांची यादृच्छिक वाटणी नव्हती. २०१५ साली डेन्मार्कमध्ये बायर व सहकाऱ्यांनी अठ्ठावन्न रुग्णांवर केलेल्या तुलनेत, आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश केलेला, चढ-उतार दोन्ही असलेला व्यायामही तितकाच गुणकारी ठरला. म्हणजे ‘पेलत उतरणे’ हा मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे. तसेच ‘टाचदुखी’ या एका शब्दाखाली तळव्याचे दुखणे, कंडरा हाडाला जुळते तेथले दुखणे आणि त्याच्या दोन ते सहा सेंटिमीटर वरचे दुखणे अशी तीन दुखणी झाकली जातात. पायरीच्या कडेखाली टाच उतरविणे तिसऱ्याला मानवते. दुसऱ्याला पुष्कळदा मानवत नाही, आणि त्यासाठी टाच जमिनीच्या पातळीखाली न नेण्याची सुधारणा २००८ साली सुचविण्यात आली. जागा न विचारता दिलेले पत्रक, मग त्याची भाषा कितीही सुबोध असो, निम्मे चूकच राहते.

आणि कंडरा तुटली असेल तर प्रश्नच निराळा. ‘मागून कोणीतरी काठी मारल्यासारखे वाटले’ असे रुग्ण सांगतो; वळून पाहतो तर मागे कोणी नसते. नंतर लंगडत का होईना चालता येते, म्हणून ‘मुरगळला असेल’ या शब्दावर घरचे लोक समाधान मानतात. येथे बोलीचा घटनावाचक शब्दच घात करतो. पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर कंडरा तुटल्याची दाट शंका घ्यावी, ही सिमंड्स यांनी १९५७ साली व टॉम्प्सन यांनी १९६२ साली वर्णिलेली परीक्षा सोपी आहे; पण ती करण्यासाठी रुग्ण वेळेवर वैद्याकडे पोहोचला पाहिजे. त्यापुढेही प्रश्न एकेरी नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचणीत पाचशे सव्वीस रुग्णांत शस्त्रक्रिया झालेले व न झालेले यांच्या कार्यक्षमतेत वर्षाअखेर लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के होते, तर मज्जातंतूंच्या इजा शस्त्रक्रियेच्या गटांत अधिक होत्या. २०२० साली ब्रिटनमधील पाचशे चाळीस रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रिया न करता प्लॅस्टर घातलेले आणि पट्ट्याच्या बुटात लवकर भार देऊ लागलेले यांची अखेरची स्थिती सारखीच आढळली. अशा ठिकाणी पत्रकाचे काम निर्णय देणे हे नसून निवड समजावून देणे हे आहे, आणि निवड समजावून देणारे गद्य हे सूचनेच्या गद्याहून कठीण असते.

परकीय शब्दांचे काय, हा प्रश्न यापुढे गौण ठरतो. मुंबई-पुण्याचा रुग्ण ‘स्ट्रेच’, ‘लोड’, ‘फिजिओ’ सहज म्हणतो. त्या शब्दांना हाकलून देण्यात पुरुषार्थ नाही. ‘ताण’ हा शब्द ज्या ‘तन्’ धातूपासून आला, त्याच प्राचीन कुळातून ‘टेंडन’ हा शब्दही आला आहे. ही भावंडे पत्रकात शेजारी बसली तर बिघडणार नाही. भौतिकोपचाराच्या मराठी गद्याची कसोटी शब्दाच्या जातकुळीत नसून त्याच्या कार्यात आहे. कोणता पाय, कोणती दिशा, किती वेळा, किती आठवडे, किती दुखेपर्यंत आणि केव्हा अजिबात नाही, या सहा प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावरून एकट्याने वाचणाऱ्याला मिळतात, तो कागद चांगला. परिभाषा-समित्यांनी शब्द पुष्कळ घडविले. आता त्या शब्दांची वाक्ये करून पाहण्याची, आणि ती वाक्ये पायरीच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला वाचून दाखविण्याची गरज आहे. भाषेच्या पदव्युत्तर वर्गांना संशोधनाचे विषय दूर शोधावे लागत नाहीत. त्यांतला एक या कागदावर छापलेला आहे.